कोंबडीला काहीच कसं होत नाही?

१. प्रश्न

लग्नाच्या पंगतीनंतर किंवा घरच्याच अर्धकच्च्या ऑम्लेटनंतर तिघाचौघांना जुलाब-उलट्या सुरू होतात. ‘साल्मोनेला असेल,’ डॉक्टर म्हणतात. मग कुणीतरी विचारतंच : जंतू कोंबडीतून आला म्हणता, तर ती कोंबडी का नाही आजारी पडली? दुकानातल्या पिंजऱ्यात तर चांगली टुणटुणीत उभी होती.

याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘कोंबडीची प्रतिकारशक्ती दांडगी असते’. ते मला पटत नाही. दांडगी असती तर तिनं जंतूला पोटातून कधीच बाहेर काढलं असतं. मोठी कोंबडी तसं करत नाही. ती जंतूला आतड्याच्या पोकळीत राहू देते, आतड्याची भिंत ओलांडून रक्तात मात्र जाऊ देत नाही, आणि त्याला पुरतं हटवायचं काम पुढे काही आठवड्यांत सावकाश उरकते. त्या आठवड्यांत तिच्या विष्ठेतून जंतू पडत राहतो. कापताना आतडं फाटलं की तो मांसाला लागतो आणि आजारी आपण पडतो.

‘मोठी’ कोंबडी म्हटलं, तो शब्द सोडू नका. कालच अंड्यातून निघालेल्या पिल्लाला हाच जंतू मारू शकतो. कोंबडीच्या पोटात जंतू गेल्यावर काय होईल, हे जंतूइतकंच तिच्या वयावर ठरतं. हे प्रकरण बरंचसं त्या वयाबद्दल आहे.

साल्मोनेलाचे अडीच हजारांवर उपप्रकार माहीत आहेत. आपल्याला इथे मुख्यतः चार लागतील. टायफीम्युरियम आणि एन्टेरिटिडिस हे दोघे कोंबडी, उंदीर, डुक्कर, माणूस अशा कुणाच्याही पोटात शिरतात. गॅलिनेरम आणि पुलोरम हे दोघे जवळजवळ फक्त पक्ष्यांचे. माणसाचा टायफॉइड करणारा साल्मोनेला यांपैकी कोणताच नाही, आणि तो कोंबडीतून येत नाही.

२. जागा

गावाकडे कोंबडी साफ करताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल : लांब आतडं संपत येतं तिथे दोन बाजूंना दोन वीतभर नळ्या फुटलेल्या असतात. त्यांचं पुढचं टोक बंद असतं. पशुवैद्य त्यांना सीकम म्हणतात. आपण आंधळी आतडी म्हणू. खाल्लेल्यापैकी जे पचलं नाही त्यातला पातळ, बारीक भाग इथे शिरतो, तासन्‌तास मुरतो आणि अधूनमधून चॉकलेटी, चिकट, उग्र वासाच्या विष्ठेच्या रूपात बाहेर पडतो. नवखा पोल्ट्रीवाला ती पाहून ‘हगवण लागली’ म्हणून घाबरतो. ती अगदी निरोगी कोंबडीचीही असते.

साल्मोनेलाला ही जागा फार मानवते. कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास, प्रवाह संथ, अन्न भरपूर. म्हणून कोंबडीच्या शरीरानंही पहारा इथेच बसवला आहे. दोन्ही नळ्या जिथे मुख्य आतड्याला जुळतात त्या तोंडाशी पांढऱ्या पेशींनी गच्च भरलेल्या गाठी असतात. आपल्या घशात टॉन्सिल असतात तशा. त्यांचं नावही सीकल टॉन्सिल असंच आहे. पायाला जखम झाली की आपल्या जांघेत अवधाण येतं, ते रोगप्रतिकाराच्या गाठी सुजल्यामुळे. कोंबडीला अवधाण येत नाही, कारण तिच्या अंगात तशा गाठीच नाहीत. तिच्या पांढऱ्या पेशी आतड्याच्या भिंतीत, प्लीहेत आणि अशा काही ठिकाणी विखुरलेल्या असतात.

३. पहिले काही तास

थोडं गणित करू. साल्मोनेलाचा एक जिवाणू दर अर्ध्या तासानं दुप्पट होतो असं हिशेबापुरतं धरा. पाच तासांत तो दहा वेळा दुप्पट होईल, म्हणजे एकाचे १,०२४. दहा तासांत वीस वेळा, म्हणजे दहा लाखांवर. प्रत्यक्ष पोटात वेग याहून पुष्कळ कमी असतो. पण अनोळखी जंतूसाठी खास प्रतिपिंडं तयार करायला कोंबडीला पाच-सात दिवस तरी लागतात, आणि एवढे दिवस थांबणं परवडणारं नसतं. म्हणून पहिल्या फळीला जंतूचं नाव-गाव कळायची गरज नसते. ‘हा जिवाणू आहे’ एवढं कळलं की तिचं काम सुरू होतं.

हे कळतं कसं? टायफीम्युरियम आणि एन्टेरिटिडिस यांना पोहण्यासाठी बारीक शेपट्या असतात. या शेपट्या फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाच्या बनलेल्या असतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर टीएलआर-५ नावाचा एक संवेदक रेणू असतो. त्याला फ्लॅजेलिन लागलं की पेशी रासायनिक निरोप सोडते. काही तासांत रक्तातून हेटेरोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भिंतीपाशी गोळा होतात आणि दिसेल तो जिवाणू गिळू लागतात.

हेटेरोफिल म्हणजे आपल्या न्यूट्रोफिलचा पक्ष्यांमधला भाऊबंद. फरक एक आहे, आणि तो डोळ्यांना दिसतो. आपल्या पूला हिरवट छटा देणारं मायलोपेरॉक्सिडेज नावाचं विकर हेटेरोफिलमध्ये नसतं. कोंबडीचा पू पातळ वाहता नसतो. तो पनीरसारखा घट्ट बसतो. पुलोरमनं मेलेलं पिल्लू पशुवैद्य फाडतो, तेव्हा आंधळ्या आतड्यात कधी कधी पिवळट-पांढरी, टणक कांडी सापडते. पोकळीच्या आकाराची, चिमट्यानं अख्खी बाहेर काढता येईल अशी.

या पेशी नसत्या तर? अमेरिकेत टेक्सासमध्ये मायकेल कोगट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात पिल्लांना कर्करोगावरचं एक औषध देऊन त्यांच्या हेटेरोफिलांची संख्या पाडली आणि मग एन्टेरिटिडिस पाजला. जंतू नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात यकृतात आणि प्लीहेत पोचला. भिंत राखायचं काम या पेशींचं आहे, हे त्यातून कळलं.

आता गॅलिनेरम आणि पुलोरम यांच्याकडे वळू. कोंबडीला खरोखर मारणारे हे दोघे. पिल्लांची पांढरी हगवण पुलोरममुळे होते आणि मोठ्या कोंबड्यांचा टायफॉइड गॅलिनेरममुळे. या दोघांना शेपट्या नाहीत. शेपटी नाही म्हणजे फ्लॅजेलिन नाही, म्हणून आतड्यातला तो निरोप सुटत नाही आणि हेटेरोफिल वेळेवर येत नाहीत. फारसा दाह न करता हे जंतू भिंत ओलांडतात आणि सरळ प्लीहा-यकृतात जाऊन बसतात. पोटात आग पेटवणारा जंतू पोटातच अडतो, गुपचूप शिरणारा जीव घेतो. हे उलटं वाटेल, पण प्रयोगांनी दोन्ही बाजूंनी तपासलं गेलं आहे. टायफीम्युरियमची शेपटी जनुक बिघडवून काढून टाकली, तर तो रक्तात अधिक सहज उतरतो. आणि गॅलिनेरमला संशोधकांनी शेपटी परत मिळवून दिली, तेव्हा त्याची मारकशक्ती घटली.

जाता जाता कॅम्पिलोबॅक्टरचा उल्लेख करायला हवा. माणसांत जुलाबाचं एक मोठं कारण असलेला हा जिवाणू कोंबडीच्या आंधळ्या आतड्यात ग्रॅममागे दहा कोटींपर्यंत सहज सापडतो, आणि कोंबडी धान्य टिपत हिंडत असते. त्याला शेपटी आहे, पण त्याच्या फ्लॅजेलिनची घडण अशी आहे की टीएलआर-५ ला ते ओळखूच येत नाही.

४. बर्सा

पांढऱ्या पेशींची दुसरी फळी जंतू ओळखते आणि लक्षात ठेवते. तिची गोष्ट कोंबडीच्या शेपटीखालच्या एका लहानशा पिशवीपासून सुरू होते.

इटलीतल्या पादुआ विद्यापीठात हिएरोनिमस फॅब्रिशियस हे शरीररचनेचे नामवंत अध्यापक होते. रक्ताभिसरण शोधणारा विल्यम हार्वे हा त्यांचा विद्यार्थी. त्यांच्या मृत्यूनंतर, १६२१ मध्ये, अंडं आणि पिल्लू यांवरचं त्यांचं पुस्तक छापलं गेलं. कोंबडीच्या विष्ठाद्वाराच्या वरच्या बाजूला असलेल्या एका पिशवीचं वर्णन त्यात होतं. कोंबड्याचं वीर्य साठवायची ती जागा असावी, असा त्यांचा तर्क होता. तर्क चुकला, पण पिशवीला नाव त्यांचं मिळालं : बर्सा ऑफ फॅब्रिशियस. पुढची तीनशेहून अधिक वर्षं तिचा उपयोग काय, हे कुणालाच सांगता आलं नाही.

१९५० च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी या पिशवीच्या मागे लागला. लहान पिल्लांची बर्सा काढून टाकायची आणि त्यांच्या वाढीत काय फरक पडतो ते बघायचं, असा त्याचा सरळ बेत होता. फरक काही दिसेना. दरम्यान टिमथी चँग या त्याच्या मित्राला वर्गात प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. कोंबडीला साल्मोनेलाचा अंश टोचायचा आणि तिच्या रक्तात प्रतिपिंडं कशी तयार होतात ते विद्यार्थ्यांना दाखवायचं, असं ते प्रात्यक्षिक. त्यानं ग्लिककडच्या कोंबड्या मागून नेल्या. प्रात्यक्षिक फसलं. काही कोंबड्या टोचल्यावर मेल्या, काहींच्या रक्तात प्रतिपिंडांचा पत्ताच नव्हता. नोंदवही उघडून पाहिल्यावर कळलं, की या सगळ्या बर्सा काढलेल्या होत्या.

हा शोध छापून आणतानाही ग्लिकला वाट सापडेना. ‘सायन्स’ या प्रतिष्ठित नियतकालिकानं लेख नाकारला. अखेर १९५६ मध्ये तो ‘पोल्ट्री सायन्स’ मध्ये छापून आला, म्हणजे प्रतिकारशास्त्राचे पंडित सहसा चाळत नाहीत अशा ठिकाणी. त्याचं मोल कळायला जवळजवळ दशक गेलं. १९६५ मध्ये मिनेसोटात मॅक्स कूपर, रॉबर्ट गुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की कोंबडीत पांढऱ्या पेशींची दोन वेगळी घराणी आहेत. बर्सातून निघालेल्या पेशी प्रतिपिंडं करतात. त्यांना बी पेशी म्हणू लागले. मानेतल्या थायमस ग्रंथीतून निघालेल्या त्या टी पेशी. आपल्याला बर्सा नाही, आपल्या बी पेशी हाडांच्या मगजात तयार होतात. पण ‘बी’ हे अक्षर जगभरच्या रक्ततपासणीच्या अहवालांत बसलं ते या पिशवीवरून. कूपर यांना या कामासाठी २०१९ मध्ये जॅक मिलर यांच्यासह लास्कर पारितोषिक मिळालं.

आपल्या प्रश्नासाठी बर्साची जागा महत्त्वाची आहे. तिचं तोंड विष्ठाद्वारात उघडतं आणि बाहेरचा ओलावा, विष्ठेचा अंश आत ओढला जातो. पोटात आणि पायाखाली कोणते जिवाणू आहेत याची चव तिला सतत मिळत राहते आणि तिच्यातल्या वाढत्या पेशींना उत्तेजन मिळतं. पिल्लू मोठं होतं तशी तीही वाढते, आणि कोंबडी वयात येताना आक्रसून जवळपास नाहीशी होते. तोपर्यंत तिच्यातल्या पेशी अंगभर पसरलेल्या असतात. पिशवी गेली तरी कोंबडीचं काही बिघडत नाही. म्हणूनच मोठ्या कोंबडीची बर्सा काढली तर फारसा परिणाम दिसत नाही.

५. मग जंतू हटवतं कोण?

इतकं वाचल्यावर कुणालाही वाटेल, की साल्मोनेलाला अखेर हटवतात ती प्रतिपिंडं. प्रतिपिंडं जंतूला चिकटतात, हे खरं. पण २००६ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी बी पेशी नसलेल्या कोंबड्यांना टायफीम्युरियम पाजला, तेव्हा त्या कोंबड्यांनीही जंतू आतड्यातून हटवला. साध्या कोंबड्यांना लागला जवळपास तेवढ्याच अवधीत.

याचं कारण साल्मोनेलाच्या सवयीत आहे. तो ज्या पेशीनं गिळलं तिच्याच पोटात घर करतो. मॅक्रोफेज नावाची भक्षक पेशी त्याला गिळते आणि पचवू शकत नाही. प्रतिपिंडं रक्तात आणि आतड्याच्या स्रावांत फिरतात. पेशीच्या आत त्यांचा हात पोचत नाही. तिथे काम करतात टी पेशी. त्या इंटरफेरॉन-गॅमा नावाचा रेणू सोडतात आणि त्यानं चेतवलेली मॅक्रोफेज आतल्या जंतूला मारू लागते. टी पेशींची ही फौज उभी राहायला वेळ लागतो, आणि कोवळ्या पिल्लात तर ती अजून घडतच असते. सहा आठवड्यांची कोंबडी जंतू लवकर हटवते आणि एक दिवसाचं पिल्लू त्याला दीर्घकाळ बाळगतं, ते यामुळे.

प्रतिपिंडं वाया जातात असं मात्र नाही. पुन्हा तोच जंतू आला तर त्याला अस्तराला चिकटू न देण्यात त्यांचा हात असतो. आणि त्यांची एक मोठी कामगिरी कोंबडीच्या स्वतःच्या पोटाबाहेरची आहे.

६. आईनं दिलेलं

कोंबडी आपली प्रतिपिंडं अंड्यात भरते. बलकात आयजीवाय नावाची, पांढऱ्यात आयजीए आणि आयजीएम नावाची. एकविसाव्या दिवशी पिल्लू कवच फोडून बाहेर येतं तेव्हा उरलेला बलक त्याच्या पोटातच असतो आणि पुढचे काही दिवस जिरत राहतो. ही शिदोरी साधारण दोन-तीन आठवड्यांत संपते. पोल्ट्रीतल्या पिल्लांत पहिले दोन आठवडे कॅम्पिलोबॅक्टर क्वचितच सापडतो, त्यामागे आईची ही प्रतिपिंडं असल्याचे चांगले पुरावे आहेत.

आई आणखी एक गोष्ट देते, तिच्याकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते, पिल्लं काढते आणि ती तिच्या मागे-पुढे उकिरड्यावर चोची मारत हिंडतात. आईनं उकरलेल्या मातीत आईचीच विष्ठा असते. पहिल्या दिवसापासून पिल्लू ती टिपतं आणि त्याच्या आंधळ्या आतड्यात शेकडो जातींचे निरुपद्रवी जिवाणू वस्तीला येतात. उबवणी केंद्रात यातलं काही घडत नाही. अंडी धुरी देऊन निर्जंतुक केलेली, ट्रे स्वच्छ, आई मैलोगणती दूर. आधुनिक पिल्लाला बलकातली शिदोरी मिळते, विष्ठेतली मिळत नाही.

याची किंमत फिनलंडनं मोजली. १९७१ मध्ये तिथल्या ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेलाचा इन्फॅन्टिस हा आणखी एक उपप्रकार पसरला आणि माणसंही आजारी पडली. एस्को नुर्मी आणि त्यांचे सहकारी रांताला यांनी एक गोष्ट हेरली : याच जंतूचा मोठा डोसही मोठ्या कोंबडीच्या पोटात टिकत नाही, पिल्लाच्या पोटात मात्र थोडासाही टिकतो. मग त्यांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला माल घेतला, पातळ केला आणि एक-दोन दिवसांच्या पिल्लांना पाजला. त्यानंतर साल्मोनेला दिला. बहुतेक पिल्लांत तो रुजलाच नाही. १९७३ मध्ये ‘नेचर’ मध्ये छापून आलेला हा प्रयोग आजही कुक्कुटशास्त्रातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक आहे, असं माझं मत आहे. यंत्र नाही, औषध नाही. मोठ्या कोंबडीच्या पोटातला ऐवज, एवढंच.

हे घडतं कसं? एसटी लागायच्या आधीच कुणी खिडकीतून सीटवर रुमाल टाकून ठेवावेत, तसं. साल्मोनेला येतो तेव्हा अस्तरावरच्या जागा अडलेल्या असतात, अन्न वाटलं गेलेलं असतं. पण एवढ्यानं हिशेब पुरा होत नाही. हे जिवाणू आंधळ्या आतड्यात ब्युटिरिक, प्रोपिऑनिक अशी आम्लं तयार करतात आणि त्यांच्यामुळे साल्मोनेलाला वाढणं अवघड जातं. शिवाय त्यांच्या सहवासातच पिल्लाच्या आतड्यातल्या पांढऱ्या पेशी घडतात. जिवाणूमुक्त वातावरणात वाढवलेल्या कोंबडीचं प्रतिकारतंत्र कच्चंच राहतं.

अशा मिश्रणांचे व्यापारी प्रकार पुढे बाजारात आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९८ मध्ये २९ ज्ञात जिवाणूंच्या एका मिश्रणाला मान्यता दिली. माझा कल मात्र चेक संशोधकांच्या निरीक्षणाकडे आहे : पिल्लांमध्ये एक मोठी कोंबडी नुसती सोडली, तर एका दिवसाच्या सहवासातही तिचे बरेच जिवाणू पिल्लांत उतरतात. आपल्या आज्या डालग्याखाली कोंबडी आणि पिल्लं एकत्र झाकत, ती मांजर-घारीच्या भीतीनं. पण त्या डालग्याखाली हेही चालू असे.

७. गंबोरो

पोल्ट्रीवाल्यांना ‘गंबोरो’ सांगावा लागत नाही. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या गंबोरो गावाजवळ हा रोग पहिल्यांदा लक्षात आला आणि १९६२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्याचा विषाणू नेमका बर्सातल्या बी पेशींत वाढतो आणि त्यांचा फडशा पाडतो. ग्लिकनं कात्रीनं केलं तेच हा विषाणू करतो. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना तो सर्वांत जास्त झोडपतो. मरतुक थांबली तरी उरलेली बॅच लसींना नीट दाद देत नाही, आणि एरवी किरकोळ ठरणारा ई-कोलाय किंवा साल्मोनेला तिला भारी पडतो.

लस आहे, पण ती कधी द्यायची ही अडचण आहे. लवकर दिली तर आईकडून आलेली प्रतिपिंडं लशीतल्या जिवंत विषाणूलाच निष्प्रभ करतात. उशीर केला तर खरा विषाणू आधी पोचतो. म्हणून साधारण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटाकडे, पिल्लांना तास-दोन तास तहानलेलं ठेवून, पाण्यातून ती दिली जाते. त्या पाण्यात दुधाची भुकटी मिसळतात, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन लशीला मारतं आणि भुकटी क्लोरीनला निकामी करते.

८. तलंग अंड्यावर येते तेव्हा

पुलोरम भिंत ओलांडून प्लीहेतल्या मॅक्रोफेजमध्ये बसतो, हे आपण पाहिलं. त्यातून वाचलेलं पिल्लू वाढतं, तलंग होते, दिसायला निरोगी असते. जंतू महिनोन्‌महिने आत पडून असतो. तलंग अंड्यावर येते त्या सुमारास तिच्या टी पेशींचा प्रतिसाद काही काळ मंदावतो. ब्रिटनमधल्या पॉल विगली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं, की नेमक्या त्या वेळी प्लीहेतला पुलोरम वाढतो आणि अंडनलिकेत उतरतो. अंड्यात आईची प्रतिपिंडं जातात, त्याच वाटेनं जंतूही जातो. पुढच्या पिढीचं पिल्लू पांढरी हगवण घेऊनच जन्मतं.

यावर औषध फारसं कामाचं नाही. पेशीत दडलेल्या जंतूपर्यंत ते पुरतं पोचत नाही. मग पैदाशीच्या कळपातल्या अशा कोंबड्या ओळखायच्या कशा? इथे ती पेशीबाहेर राहिलेली प्रतिपिंडं कामाला येतात. पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब पांढऱ्या फरशीवर घ्यायचा, त्यात रंगवलेल्या मृत पुलोरम जिवाणूंचा एक थेंब मिसळायचा आणि फरशी हलवत राहायचं. कोंबडीत जंतू असेल तर दोन मिनिटांच्या आत जांभळट कण गुठळ्या होऊन वेगळे दिसू लागतात. ती कोंबडी कळपातून काढायची. अमेरिकेनं १९३५ मध्ये याच तपासणीच्या आधारावर राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि तिथल्या व्यापारी पोल्ट्रीतून पुलोरम जवळपास हद्दपार झाला.

एन्टेरिटिडिसलाही अंडनलिकेची वाट ठाऊक आहे. पण तो उंदरांतून, खाद्यातून, कुठूनही परत येतो, त्यामुळे बाधित कोंबड्या वेचून त्याचा नायनाट होत नाही. डिसेंबर १९८८ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्यातल्या कनिष्ठ मंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतांश अंडी-उत्पादनात साल्मोनेला असल्याचं सांगितलं. अंड्यांचा खप कोसळला आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतरच्या दशकात तिथे अंड्याच्या कोंबड्यांना साल्मोनेलाची लस देणं सुरू झालं आणि १९९८ पासून लसीकरण झालेल्या कळपांच्या अंड्यांवर सिंहाचा शिक्का उमटू लागला. २०१७ मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं गरोदर स्त्रिया, तान्ही मुलं आणि वृद्ध यांनाही मऊ बलकाचं अंडं खायला हरकत नाही असं जाहीर केलं. ही मुभा तेव्हा फक्त त्या शिक्क्याच्या अंड्यांना होती.